पहाटे चार वाजताची परीक्षा

डायव्हिंगचं घड्याळ हातात आलं की बहुतेक जण दोन गोष्टी करतात. तळहाताचा आडोसा करून तबकडी अंधारात कशी चमकते ते बघतात, आणि मग घड्याळ मनगटावर चढवून हात दोनदा वरखाली करतात. चमक डोळ्यांत भरली, वजन भक्कम वाटलं, की घड्याळ पसंत. जुन्या, उंची घड्याळांची तुलना करताना या दोन्ही परीक्षा दगा देतात, कारण दोन्ही पहिल्या मिनिटात उरकल्या जातात. ल्यूमचा, म्हणजे काट्यांवर आणि खुणांवर भरलेल्या चमकत्या द्रव्याचा, खरा कस दिवा मालवल्यावर सात-आठ तासांनी लागतो. घड्याळ हाताला किती सोसतं हेही साधारण तेवढ्याच वेळाने कळतं.

एका रात्री मी तीन घड्याळं उशाशी ओळीने मांडली. पहिलं १९९०च्या दशकाच्या मध्यातलं, ट्रिटियमच्या ल्यूमचं. दुसरं त्यानंतर सात-आठ वर्षांनी बनलेलं, हिरव्या सुपर-ल्युमिनोव्हाच्या ल्यूमचं. तिसरं बरंच अलीकडचं, जाडजूड, निळ्या ल्यूमचं. तिन्ही दिव्याखाली धरली आणि दिवा बंद केला. दुसरं आणि तिसरं लखलखलं. पहिलं पाचदहा सेकंद उजळून जवळजवळ नाहीसं झालं. पहाटे चारला जाग आली तेव्हा तिसरं स्वच्छ वाचता येत होतं, दुसरंही वाचता येत होतं, आणि आश्चर्य म्हणजे पहिल्याचे काटेही धुक्यातून दिसावेत तसे दिसत होते. दोन्ही नव्या घड्याळांचा रंग मात्र पार उडाला होता. हिरवं कोणतं आणि निळं कोणतं ते सांगता येईना. दोन्ही राखाडी-पांढरी.

या एका रात्रीत ल्यूमचा बराचसा इतिहास सामावला आहे.

मारी आणि पियरे क्युरी यांनी १८९८ मध्ये रेडियम शोधलं, आणि काही वर्षांतच ते झिंक सल्फाइडात मिसळून तबकड्यांवर लावलं जाऊ लागलं. रेडियमचे अल्फा कण झिंक सल्फाइडाच्या स्फटिकांवर आदळतात आणि प्रत्येक धडकेला सूक्ष्म ठिणगी उडते. अशा असंख्य ठिणग्यांचा एकत्रित उजेड म्हणजे तबकडीची चमक. १९५३ मध्ये आलेलं ब्लाँपँचं फिफ्टी फॅदम्स आणि त्याच सुमारास आलेलं रोलेक्सचं सबमरिनर ही आधुनिक डायव्हिंग घड्याळांची पहिली पिढी याच रेडियमवर उजळत होती. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या सैनिकांसाठी घड्याळ शोधताना बॉब मालुबिए आणि क्लोद रिफो या अधिकाऱ्यांनी काळी तबकडी आणि मोठ्या, ठसठशीत चमकत्या खुणा असाव्यात असा आग्रह धरला होता. त्या मोठ्या खुणांचं महत्त्व पुढे येईलच.

रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या तबकडीवर आजही सत्त्याण्णव टक्के रेडियम शिल्लक आहे. तरी ती तबकडी अंधारात काळीठिक्कर असते, कारण इतकी वर्षं मार खाऊन झिंक सल्फाइडाचे स्फटिकच निकामी झालेले असतात. उजेड गेला, किरणोत्सर्ग तसाच राहिला. म्हणून अशा घड्याळाचं पाठचं झाकण हौसेने उघडू नये आणि खुणांवरची भुकटी तर अजिबात खरवडू नये. काचेबाहेर अल्फा कण येत नाहीत, पण श्वासातून आत गेलेली धूळ फार वेगळी गोष्ट आहे. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखं वागतं आणि हाडांत जाऊन बसतं. अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या मुलींना ब्रशचं टोक ओठांनी अणकुचीदार करायला शिकवलं होतं. त्यांच्या जबड्यांची हाडं कुजली, अनेकींचा जीव गेला, आणि न्यू जर्सीतल्या पाच जणींनी लढवलेला खटला १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. जुन्या तबकडीवरचा मधाळ तपकिरी रंग मलाही सुंदर वाटतो, पण तो पाहताना त्या मुलींची आठवण येत नाही असं कधी होत नाही.

१९६०च्या दशकात ट्रिटियमने रेडियमची जागा घेतली. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचाच जड भाऊ. तो सोडतो ते इलेक्ट्रॉन इतके दुबळे असतात, की घड्याळाची काच सोडाच, आपल्या त्वचेचा वरचा मृत थरही त्यांना भेदता येत नाही. तबकडीच्या तळाशी 'स्विस' या शब्दाच्या दोन्ही बाजूंना 'टी' हे अक्षर दिसलं, तर ते ट्रिटियमचं. पण त्याचं अर्धायुष्य फक्त १२.३ वर्षं. सदतीस वर्षांनी आठवा हिस्सा उरतो, आणि झिंक सल्फाइडही एव्हाना थकलेलं असतं. माझं उशाशी ठेवलेलं पहिलं घड्याळ या मार्गावर बरंच पुढे गेलं आहे. तरी त्यात एक गुण शिल्लक आहे. त्याला दिव्याची गरज नाही. रात्री दहाला जेवढं मंद, पहाटे चारलाही तेवढंच मंद. दिव्याखालून काढल्यावर जे क्षणभर उजळलं, ते झिंक सल्फाइडाने शोषलेला उजेड परत दिला म्हणून. त्याचा ट्रिटियमशी संबंध नव्हता.

जुनं घड्याळ पारखायला हीच खूण कामी येते. अतिनील टॉर्च दोन सेकंद मारून विझवा. रेडियमची तबकडी बहुधा ढिम्म राहते, ट्रिटियमची उजळून काही सेकंदांत विझते. विकणारा 'सगळं मूळचं आहे' म्हणत असेल आणि तबकडी पाच मिनिटं झळकत राहिली, तर ल्यूम नंतर कुणीतरी भरलेलं आहे.

सगळ्यात मोठं वळण १९९३ मध्ये आलं. जपानच्या नेमोतो कंपनीने ल्युमिनोव्हा आणलं: स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट, त्यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम यांचा शिरकाव. यात किरणोत्सर्ग नाही. उजेड पडला की युरोपियमचे इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर उडी घेतात, आणि त्यातले बरेचसे परतीच्या वाटेवर स्फटिकातल्या खळग्यांत अडकतात. खोलीतली साधी उष्णता त्यांना एकेक करून त्या खळग्यांतून बाहेर ढकलत राहते, आणि खाली परतताना प्रत्येक जण थोडा प्रकाश देतो. उथळ खळगे आधी रिकामे होतात, खोल खळगे रात्रभर पुरतात. म्हणूनच पहिल्या काही मिनिटांत चमक धाडकन उतरते आणि पुढे तासन्‌तास अगदी हळू ओसरते. थंडीत हेच घड्याळ मंद दिसतं, कारण खळग्यातून बाहेर पडायला लागणारी उष्णताच कमी पडते. स्वित्झर्लंडमध्ये याच द्रव्याचं सुपर-ल्युमिनोव्हा झालं आणि १९९८-२००० च्या आसपास बहुतेक उंची घड्याळांनी ट्रिटियम सोडलं.

पण पहाटे चारच्या दृश्यात निम्मा वाटा डोळ्याचा असतो. ल्यूम ओसरत असताना डोळा सरावत जातो. अंधारात अर्धा तास गेला की दृष्टिपटलावरच्या शंक्वाकार पेशी मागे पडतात आणि दंडाकार पेशी काम हाती घेतात. त्यांना रंग कळत नाही. म्हणून हिरवं आणि निळं दोन्ही राखाडी. त्या सर्वांत संवेदनशील असतात ५०७ नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीच्या प्रकाशाला, तर दिवसा आपला डोळा ५५५ला. याचा परिणाम मोठा रंजक आहे. ५२० नॅनोमीटरचा हिरवा आणि ४९०चा निळा, सारख्याच शक्तीचे घेतले, तर सरावलेला नसताना डोळ्याला हिरवा तिपटीहून अधिक तेजस्वी वाटतो. पुरता सरावला की दोघांतला फरक जेमतेम तीन-चार टक्के उरतो. हिरवं बरं की निळं, हा वाद पहिल्या पाच मिनिटांपुरताच खरा.

दंडाकार पेशी दृष्टीच्या नेमक्या मध्यावर नसतात. मंद तबकडीकडे रोखून पाहिलं तर काटे पुसट होतात. नजर किंचित बाजूला ठेवली की ते पुन्हा उमटतात. करून पाहा, मजा वाटेल.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. अतिशय मंद उजेडात डोळा लहानशा ठिपक्याचा सगळा प्रकाश एकत्र गोळा करतो, त्यामुळे तेज तेवढंच असलं तरी मोठा ठिपका आधी दिसतो. पहाटे चारला जिंकतं ते मोठ्या खुणांचं, रुंद काट्यांचं आणि जाड थर दिलेलं घड्याळ. मालुबिए आणि रिफो यांचा आग्रह बरोबर होता.

आणि इथूनच सोयीची अडचण सुरू होते. मोठ्या खुणांना मोठी तबकडी लागते आणि मोठ्या तबकडीला मोठी काच. सपाट काचेवर पाण्याचा दाब पडला की तिच्यावर येणारा ताण दाबाच्या पटीत वाढतो, आणि त्रिज्या व जाडी यांच्या गुणोत्तराच्या वर्गाच्या पटीतही वाढतो. म्हणजे काच जितकी रुंद, तितकीच पट जाड हवी. आणि त्याच काचेला चौपट खोलीवर न्यायचं तर जाडी दुप्पट. काच जाडावली की केस, म्हणजे घड्याळाचं बाहेरचं कवच, तीही उंचावते आणि सगळा भार हाडापासून वर सरकतो.

हाताला जाणवतं ते नुसतं वजन नव्हे. वजन मनगटापासून किती उंचीवर आहे, यावर घड्याळ किती डुलतं ते ठरतं. उंच घड्याळ हात फिरवला की एका बाजूला कलतं, ते थांबवायला आपण पट्टा आवळतो, दुपारी हात जरासा सुजतो आणि संध्याकाळपर्यंत कातडीवर कड्यांचे वळ उमटतात. माझ्या तिसऱ्या घड्याळाने रोज हेच केलं. सकाळी ज्या वजनाचं कौतुक वाटायचं, तेच रात्री आठला काढून टेबलावर ठेवावंसं वाटायचं.

टायटॅनियमची घनता पाण्याच्या सुमारे साडेचार पट, पोलादाची आठ पटीच्या आसपास. फर्डिनांड अलेक्झांडर पोर्श यांनी आराखडा केलेलं आयडब्ल्यूसीचं ओशन २००० हे १९८२चं घड्याळ टायटॅनियमचं होतं आणि २००० मीटरपर्यंत टिकत होतं. त्या काळातलं सोयीचा विचार करून घडवलेलं घड्याळ म्हणून मी त्याच्याकडे आदराने बघतो.

व्यासाचा आकडाही फसवतो. ओमेगाचं १९७०चं प्लोप्रॉफ सुमारे ५४ मिलिमीटर रुंद आहे, पण ही रुंदी हाताच्या लांबीच्या दिशेने जाते. मनगटावर आडवं ते त्याहून बरंच कमी पसरतं, आणि चावी डाव्या बाजूला असल्यामुळे पंजा मागे वळवला तरी ती टोचत नाही. उलट रोलेक्स सबमरिनरचा आकडा २०१० मध्ये ४० मिलिमीटरच राहिला, पण पट्टा अडकवायचे कान आणि चावीला जपणारे खांदे रुंदावले, आणि तेच ४० हातावर वेगळंच बसू लागलं.

जुन्या ब्रेसलेटच्या कड्या पत्रा दुमडून केलेल्या, आतून पोकळ. नवे संग्राहक त्यांच्या खुळखुळाटाला नाकं मुरडतात. मला त्या आवडतात: हलक्या असतात, त्यांच्या फटींतून हवा खेळते आणि घामाने हात चिकचिकत नाही. त्यांचा दोष खरा आहे तो वेगळा. कड्यांमधल्या पिना झिजतात, ब्रेसलेट लांबतं आणि सैल साखळीसारखं लोंबतं.

पाण्याखाली सोयीचा अर्थच बदलतो. डायव्हिंगचा निओप्रीनचा पोशाख वायूच्या बुडबुड्यांनी भरलेला असतो. ३० मीटरवर दाब चौपट होतो, बुडबुडे आक्रसतात, बाही पातळ होते आणि वर घट्ट बसलेला पट्टा खाली ढिला पडतो. सेइकोने १९७५ मध्ये ६०० मीटरच्या टायटॅनियम घड्याळाला बाजाच्या पेटीच्या भात्यासारख्या घड्या असलेला पट्टा दिला. वर ताणलेला, खोल गेल्यावर आपणहून आवळणारा. बाकी बरीच महागडी घड्याळं तेव्हा ब्रेसलेटच्या दुमडत्या जोडकड्यांवर विसंबून होती, आणि त्या जोडकड्या लांबी वाढवतात, खाली गेल्यावर ती कमी करत नाहीत.

या सगळ्यात माझा कौल १९९८ ते २०१० या बारा वर्षांच्या घड्याळांना आहे. ल्यूम रात्रभर पुरणारं आणि दर संध्याकाळी नव्याने भरणारं. केस मात्र अजून जुन्या मापाची, सडपातळ. बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावर, हलकं अ‍ॅल्युमिनियम. त्यांतलंच माझं दुसरं घड्याळ पहाटे तिसऱ्याइतकं ठळक दिसत नाही. पण उशाशी ठेवलेल्या तिघांपैकी दुसरं तेवढं मी हातात घालूनच झोपतो, आणि चारला जाग आली की नजर किंचित बाजूला ठेवून वेळ बघतो.