तोरातील अनामिक पात्रे व गाळलेले तपशील

यहुदी धर्मग्रंथाच्या पहिल्या पाच पुस्तकांत (तोरा) नाव न देता आलेल्या व्यक्ती आणि कथनात न सांगितलेल्या गोष्टी. नोहाची व लोटाची पत्नी, याकोबाशी रात्रभर झुंजणारा पुरुष, शखेमजवळ योसेफाला वाट दाखवणारा माणूस ही ठळक उदाहरणे. नाव नसणे हे गौणत्वाचे लक्षण मानता येत नाही. निर्गम 1:15 मध्ये शिफ्रा व पुवा या सुइणींची नावे आहेत. त्यांना हुकूम सोडणारा मिसरचा राजा (फारो) निनावी. मोशेचे आईबाप निर्गम 2:1 मध्ये केवळ लेवी घराण्यातले स्त्री-पुरुष. अम्राम व योखेबेद ही नावे थेट 6:20 मध्ये येतात.

निवेदकाने राखलेले मौन आणि नक्कल करताना पडलेली गळ यांची गल्लत करू नये. उत्पत्ती 4:8 हे वादाचे मुख्य स्थळ. मासोरा संहितेत (प्रमाण मानलेल्या हिब्रू पाठात) काइन हाबेलाला ‘म्हणाला’, पण काय ते नाही. लगेच दोघे शेतात असतात. काही हस्तलिखितांत येथे मोकळी जागा सोडलेली आढळते. शोमरोनी तोरा (शोमरोनी पंथाची प्रत), सप्तति (जुने ग्रीक भाषांतर; तोराचा भाग बहुधा इ.स.पू. तिसरे शतक), सिरियाक व लॅटिन भाषांतरे यांत ‘चल, शेतात जाऊ’ अशा अर्थाचे वाक्य आहे. ‘शेत’ हा शब्द लागोपाठ दोनदा आल्याने लेखनिकाची नजर चुकली, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते नीट बसत नाही: पहिल्या ‘शेता’वरून दुसऱ्यावर गेलेली नजर ‘ते शेतात असताना’ हे शब्द गाळेल, काइनचे बोलणे नव्हे. वाक्य मागाहून भरले गेले, असा प्रतिपक्ष आहे. तरी शोमरोनी व ग्रीक पाठांचा मेळ पाहता गळ झाल्याचे मत अधिक सयुक्तिक दिसते. काही तारगूमांनी (अरामी भाषांतरांनी) येथे दैवी न्यायावर दोघा भावांचा अख्खा वाद घातला आहे. तो पाठ नव्हे, भाष्य होय.

नावे पुरवण्याच्या दोन रीती दिसतात. योवेलांचे पुस्तक (उत्पत्तीच्या कथा नव्याने सांगणारा यहुदी ग्रंथ, साधारणतः इ.स.पू. दुसरे शतक) नवीच नावे देते, त्यात नोहाची पत्नी एमझारा आहे. रब्बी (यहुदी धर्मपंडित) शक्यतो ग्रंथातलेच नाव जोडतात: नोहाची पत्नी म्हणजे उत्पत्ती 4:22 मधील नामा, मोशेला वाढवणारी राजकन्या म्हणजे 1 इतिहास 4:18 मधील बिथ्या. त्या ओवीत ‘फारोची कन्या’ एवढेच आहे, मोशेचा उल्लेख नाही. यहुदी इतिहासकार जोसेफस या राजकन्येलाच थर्मुथिस म्हणतो.

शब्बाथ दिवशी लाकडे गोळा केल्याबद्दल दगडमार झालेला माणूस (गणना 15:32–36) म्हणजे सलाफहाद, असे रब्बी अकिवा यांनी ठरवले. आधार एकच: ‘रानात’ हा शब्द येथे आणि सलाफहादाच्या मुलींच्या तोंडी (27:3) दोन्हीकडे आहे. यहुदा बेन बथेरा यांनी हरकत घेतली: खरे असेल तर तोराने झाकलेले तुम्ही उघडे केलेत, खोटे असेल तर सज्जनाची बदनामी केलीत.

फारोंची नावे नसल्याने निर्गमाचा (इस्राएल लोकांनी मिसर सोडल्याचा) काळ आडवाटेने काढावा लागतो. निर्गम 1:11 मधील रामसेस नगरावरून इ.स.पू. तेरावे शतक, तर 1 राजे 6:1 मध्ये निर्गमापासून शलमोनाच्या मंदिरापर्यंत मोजलेल्या 480 वर्षांवरून पंधरावे शतक निघते. घटना ऐतिहासिक मानणारे बहुतेक अभ्यासक पहिल्याकडे झुकतात.