शीतवाहनातील मालभरणी (कोकण किनारा)

नाशवंत माल ठरलेल्या तापमानात टिकावा म्हणून शीतयंत्र बसवलेल्या ट्रकमध्ये, ट्रेलरमध्ये किंवा कंटेनरमध्ये तो रचण्याची पद्धत. अशा वाहनांना व्यवहारात सरसकट रीफर म्हणतात. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून रीफरने जाणारा माल प्रामुख्याने मासळी आणि हापूस आंबा. दोन्ही थंडच न्यायचे असतात, पण गोठवलेली मासळी आणि आंबा रचण्याच्या रीती एकमेकींच्या उलट आहेत.

रीफरचे यंत्र माल थंड करण्यासाठी नसते, थंड झालेला माल थंड ठेवण्यासाठी असते. भिंती, छप्पर आणि फरशी यांतून आत झिरपणारी उष्णता बाहेर फेकण्यापुरतीच त्याची ताकद असते. एप्रिलच्या दुपारी बागेतून आलेला, गरात ३०–३५ अंश सेल्सियसची ऊब धरलेला आंबा थेट गाडीत चढवला, तर तो १३ अंशांवर यायला दिवसभराहून अधिक वेळ लागू शकतो. तोवर गाडी वाशीच्या बाजारात पोहोचून मोकळीही झालेली असते. म्हणून पॅकहाउसमध्ये (फळे निवडून खोक्यांत भरण्याच्या जागी) आधी पूर्वशीतन करतात. तिथे पंख्यांच्या जोरावर थंड हवा खोक्यांतून ओढून घेतली जाते, त्यामुळे हेच काम काही तासांत उरकते. गाडीच्या पुढच्या तबकडीवरचा आकडा हवेचा असतो, मालाचा नव्हे. मालाचे तापमान पाहायचे तर टोकदार सळईचा तापमापक फळाच्या गरात किंवा माशाच्या जाड भागात खुपसावा लागतो. हा साधा फरक विसरल्यामुळे होणारे वाद धक्क्यावर आणि बाजारात नेहमी ऐकू येतात.

भरणीचे सारे शास्त्र हवेच्या वाटेचे आहे. ट्रक आणि ट्रेलरमध्ये थंड हवा सहसा पुढच्या यंत्रातून छताखालून मागे दाराकडे जाते आणि मालाच्या खालून-आतून यंत्राकडे परतते. छताला कापडी नळी असेल तर ती फाटलेली किंवा दबलेली नसावी. माल आणि छत यांत साधारण वीतभर (२०–२५ सेंमी.) मोकळी जागा लागते, दाराशीही चार बोटे सोडावी लागतात, आणि पुढच्या परतीच्या जाळीला माल टेकवून चालत नाही. जहाजावर चढणाऱ्या कंटेनरमध्ये उलटे असते: हवा खालून, फरशीवरच्या धातूच्या पट्ट्यांमधील नाळ्यांतून येते आणि वर चढते. तिथे फरशी शेवटपर्यंत मालाने झाकलेली लागते. मागे दाराशी उघडी फरशी राहिली, तर हवा सोपी वाट धरून तिथूनच वर निघते आणि मधल्या खोक्यांना थंडावा पोहोचत नाही. माल कमी असेल तर उरलेली फरशी पुठ्ठ्याने झाकतात. मात्र स्वच्छतेच्या हौसेने माल चढवण्याआधीच सगळ्या फरशीवर पुठ्ठे किंवा गोणपाट अंथरले, तर नाळ्याच बुजतात. आतल्या भिंतीवरची तांबडी रेघ ही मालाच्या उंचीची मर्यादा असते. फेरीचे भाडे वसूल करण्यासाठी ती ओलांडून आणखी एक थर चढवण्याचा मोह सार्वत्रिक आहे आणि तो महागात पडतो.

गोठवलेल्या मालाला (माकूल, कोळंबी, रत्नागिरीत बनणारी सुरिमी म्हणजे माशाच्या मांसाचा लगदा) −१८ अंश किंवा त्याहून कमी तापमान लागते. हा माल स्वतः उष्णता निर्माण करत नाही, उष्णता येते ती फक्त बाहेरून. म्हणून खोकी एकमेकांना घट्ट भिडवून एकसंध गठ्ठा रचतात. हवेने गठ्ठ्याभोवती फिरावे, आत शिरण्याची गरज नाही. कंटेनरची हवा बदलण्याची झडप पूर्ण बंद ठेवतात.

आंब्याचे तसे नाही. झाडावरून उतरवलेले फळही श्वसन करते, उष्णता, ओलावा आणि फळ पिकवणारा इथिलीन वायू सोडते. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसन साधारण दोन-तीन पटींनी वाढते. त्यामुळे थंड हवा प्रत्येक खोक्याच्या आतून गेली पाहिजे. पुठ्ठ्याच्या खोक्यांची भोके वरखाली आणि शेजारी एका रेषेत जुळवतात, थर सरळ चढवतात आणि झडप थोडी उघडी ठेवतात. खोकी विटांच्या सांधेबंदीसारखी आडवीतिडवी रचली तर रास पक्की दिसते, पण भोके बुजतात आणि खालच्या खोक्यांच्या कोपऱ्यांवर पडायचा भार मधल्या पुठ्ठ्यावर येतो. पेंढा घातलेली लाकडी पेटी या वाहतुकीला अगदीच कुचकामी. पेंढा ऊब धरतो, फळ पिकवण्यासाठी तो उत्तम. अशी पेटी रीफरमध्ये चढवणे म्हणजे अढीच गाडीत घालून तिला गार करायला पाहणे.

हापूस चौदा आणे तयार (सोळा आण्यांपैकी चौदा, म्हणजे पूर्ण पक्व होण्याच्या थोडा आधी) असताना काढतात आणि तो सुमारे १३ अंशांवर नेतात. त्याहून फार खाली नेल्यास शीतइजा होते: साल काळपट पडते, फळ एकसारखे पिकत नाही, स्वाद उतरतो. म्हणजे ‘जितके गार तितके चांगले’ हा गोठवलेल्या मासळीचा हिशेब इथे नुकसानच करतो. माशाच्या गाडीत एका कोपऱ्यात चार पेट्या आंबा टाकून देणे तापमानामुळेही चूक आणि वासामुळेही.

ताज्या मासळीची गोष्ट आणखी वेगळी. मिरकरवाडा किंवा हर्णै या बंदरांतून निघणारी सुरमई, पापलेट, बांगडा ही मासळी मुख्यतः बर्फावर जगते, यंत्र मदतनीस. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो, आणि वितळणारे पाणी माशाला बिलगून ती उष्णता झटपट खेचते. म्हणून यंत्र शून्याच्या किंचित वर, १–२ अंशांवर लावतात. ते शून्याच्या बरेच खाली लावले तर बर्फ वितळत नाही, बर्फ आणि मासा यांत कोरड्या पोकळ्या राहतात आणि कडेचे मासे सावकाश गोठून त्यांचे मांस भुसभुशीत होते. लाद्या बारीक फोडून तळाशी, मासळीच्या थरांमध्ये आणि वर पसरतात. क्रेटमधले रक्तमिश्रित पाणी खालच्या क्रेटवर न पडता बाजूने निघावे आणि गाडीच्या फरशीतली निचऱ्याची तोंडे उघडी असावीत.

कोकणात भरणी बिघडवणारी मोठी गोष्ट म्हणजे दमट हवा. बंदरांवर आणि बहुतेक बागांत गाडीच्या दाराला घट्ट बसणारा, माल चढवण्याचा बंदिस्त धक्का नसतो, माल उघड्यावर चढतो. दार उघडे असताना यंत्र चालू ठेवले, तर ते बाहेरची ओली हवा आत ओढते, थंड नळ्यांवर हिम साचते आणि नेमकी गाडी निघाल्यावर यंत्राला गारवा थांबवून ते वितळवत बसावे लागते. म्हणून भरणी चालू असताना यंत्र बंद, हमाल पुरेसे, माल दाराशी तयार आणि दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा असावा. गाडी आधी गार करून ठेवण्याची पद्धत बंदिस्त धक्क्यावर योग्य आहे. उघड्यावर मात्र दार उघडताच आतल्या भिंतींना पाणी सुटते, पुठ्ठे भिजून मऊ होतात आणि खालची खोकी बसतात. पहाटेची भरणी याच कारणाने बरी.

मुंबई-गोवा महामार्गावरचा परशुराम घाट किंवा कोल्हापूरकडे जाणारा आंबा घाट यांत चढ-उतार आणि वळणांवर रास सरकते. जड माल खाली, वजन दोन्ही बाजूंना सारखे आणि मागे आडवा अडसर, ही खबरदारी हवेच्या वाटेसाठीही लागते, कारण कलंडलेली खोकी नेमकी दाराशी सोडलेली फट बंद करतात.

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तर हापूसचा भर एप्रिल-मे महिन्यांत. त्यामुळे बंदीआधीचे हे दोन महिने मासळी आणि आंबा दोन्ही एकाच वेळी गाड्या मागतात आणि काल मासे नेलेली गाडी आज आंब्याला लागते. आतल्या भिंतींच्या सांध्यांत, फरशीच्या नाळ्यांत आणि निचऱ्याच्या नळीत वास मुरलेला असतो. नुसते पाणी मारून तो जात नाही. नाळ्या घासून, जंतुनाशकाने धुऊन, दारे उघडी ठेवून गाडी पूर्ण कोरडी करावी लागते आणि फळे भरण्यापूर्वी आत शिरून वास घेऊन पाहावा लागतो.