ळ (अक्षर)

ळ हे मराठी वर्णमालेतील एक व्यंजन. त्याची जागा 'ह'नंतर आणि 'क्ष', 'ज्ञ'च्या आधी. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावायचे आणि हवा दोन्ही कडांनी सोडायची, की ळ उमटतो. म्हणून तो मूर्धन्य आणि पार्श्विक. मराठी शब्दाची सुरुवात ळने होत नाही. मधे आणि शेवटी मात्र तो पैशाला पासरी: तळमळ, खळखळ, मळमळ.

ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत 'अग्निमीळे' असा ळ आहे. दोन स्वरांमधल्या 'ड'चा तिथे ळ होतो. अभिजात संस्कृतने तो टाकला, पालीत राहिला. मराठीत तो मुख्यतः दोन वाटांनी आला. गुड, षोडश, तडाग यांतल्या 'ड'पासून गूळ, सोळा, तळे. आणि फल, कमल यांतल्या एकेरी 'ल'पासून फळ, कमळ. जोड 'ल्ल' मात्र ल म्हणूनच उरला. म्हणून 'वेला'ची वेळ झाली आणि 'वल्ली'ची वेल. समयवाचक 'काल'चा काळ झाला आणि 'कल्य'चा (प्राकृतात 'कल्ल') काल.

हाच नियम मुंबईच्या नकाशावरही सापडतो. कांदिवली, बोरिवली या नावांतला शेवट 'पल्ली'पासून आला असे मानतात, म्हणून तिथे ल. 'वालुकेश्वरा'तला एकेरी ल मात्र 'वाळकेश्वर' होताना बदलला. परळ, वरळी, वडाळा, विक्रोळी यांचा ळ रोमन पाटीवर साधा एल होतो. हिंदी पाटीवर परळचे 'परेल', वडाळ्याचे 'वडाला' आणि कुर्ल्याजवळच्या टर्मिनसवर टिळकांचे 'तिलक'.

परक्या शब्दांत ळ क्वचितच शिरतो. फाइल, हॉटेल, मॉल या इंग्रजी शब्दांचा ल तसाच राहिला. पोर्तुगीजांकडून आलेला 'नाताळ' मात्र पुरता मराठी झाला, आणि 'इस्पितळ'ही त्याच जुन्या जमान्यातले. एकाच रुग्णालयाला आजी इस्पितळ म्हणते आणि नातू हॉस्पिटल. ळ फक्त आजीच्या वाट्याला.

ज्याला ळ म्हणता येतो तो मराठी, असे मुंबईत गमतीने म्हणतात. ही कसोटी कच्ची आहे. गुजराती, कोकणी, कन्नड, तमिळ, मल्याळम बोलणाऱ्यांना ळ सहज येतो. उलट या बेटांवरचे जुने रहिवासी असलेले कोळी आपल्या बोलीत स्वतःला 'कोली' म्हणतात, डोळ्याला 'डोला'. वऱ्हाडात आणि खानदेशात त्याच डोळ्याचा 'डोया' होतो. त्यांची मराठी त्यामुळे कमी ठरत नाही.

लिपीत ळला उभा दंड नाही. शिरोरेषेखाली आडवा पडलेला इंग्रजी आठ, असे त्याचे रूप. दंडच नसल्याने जोडाक्षरात तो अर्धा मोडत नाही, पुढच्या 'य'ला पूर्णच्या पूर्ण चिकटतो: पोळ्या, डोळ्यांत. भारतीय लिप्यांसाठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर ल आणि ळ एकाच कळीवर आहेत. ळसाठी शिफ्ट दाबावी लागते. संगणकात अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये षोडशमान पद्धतीने ल ०९३२ वर, ळ ०९३३ वर, आणि लगेच पुढे ०९३४ वर तमिळ उच्चार लिहिण्यासाठीचा, खाली टिंब असलेला ऴ.