त्रामुंताना डोंगरातील पदभ्रमण

त्रामुंताना डोंगरातील पदभ्रमण : भूमध्य समुद्रातील स्पेनच्या मायोर्का बेटावर, सेरा दे त्रामुंताना या डोंगररांगेतल्या जुन्या पायवाटांवरून मुक्काम करत केलेली सहल. सकाळी एका गावातून निघायचे, दिवसभरात १२ ते २० किलोमीटर चालायचे आणि दुसऱ्या गावात किंवा डोंगरातल्या निवाऱ्यात रात्र काढायची, असा तिचा साधा क्रम असतो. येथे शिखर गाठणे हा हेतू नसतो. डोंगराच्या कुशीतून जाणारी वाटच पाहण्याची गोष्ट आहे, कारण ती शेकडो वर्षांच्या कष्टांतून घडली आहे आणि त्या कष्टांच्या खुणा तिच्या दोन्ही बाजूंना अजून शाबूत आहेत.

ही रांग बेटाच्या वायव्य किनाऱ्याला धरून नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे सुमारे ९० किलोमीटर पसरली आहे. ‘त्रामुंताना’ हे उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याचे नाव. पुच माजोर हे सर्वोच्च शिखर १,४०० मीटरहून थोडे उंच आहे, पण त्याच्या माथ्यावर लष्करी ठाणे असल्याने तेथे जाता येत नाही. चालणाऱ्यांना मोकळे असलेले सर्वांत उंच शिखर मासानेल्या (१,३६४ मी.). आपले कळसूबाई (१,६४६ मी.) याहून बरेच उंच भरते. मात्र येथे कित्येक चढ समुद्राच्या पातळीपासूनच सुरू होतात, त्यामुळे आकड्यावरून वाटते त्याहून दमछाक जास्त होते.

खडक चुनखडीचा. पावसाचे पाणी त्यात मुरते, फटींमधून खोल जाते आणि खाली कुठेतरी झरा होऊन बाहेर येते. उंच भागात वर्षाला १,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण त्याचे वेळापत्रक सह्याद्रीच्या नेमके उलट आहे. तेथे पावसाळा शरद ऋतूत आणि हिवाळ्यात येतो, उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. पावसाळ्यात नको तेवढे आणि उन्हाळ्यात थेंबही नाही, या पाण्याला वळण लावण्यातूनच येथला सगळा भूप्रदेश घडला. उतारावर ताली, म्हणजे दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांसारख्या सपाट पट्ट्या, तालींतून ऑलिव्हची झाडे, झऱ्यापासून शेतापर्यंत दगडी पाट आणि साठवणीचे हौद. इ.स. ९०२ नंतर बेटावर मुस्लिम राजवट आली आणि तिच्या काळात पाणी खेळवण्याचे हे तंत्र रुजले. १२२९ मध्ये आरागॉनचा राजा पहिला जाउमे याने बेट जिंकले, पण पाट तसेच वाहत राहिले. बिनियाराश, बान्यालबुफार ही गावांची नावे अरबीतून आली आहेत. बान्यालबुफारच्या ताली समुद्रावर झुकलेल्या आहेत. वरच्या झऱ्याचे पाणी हौदाहौदांतून खाली उतरताना पाहिले की एका गावाचा सारा हिशेब ध्यानात येतो.

युनेस्कोने २०११ मध्ये सेरा दे त्रामुंतानाला जागतिक वारशाच्या यादीत घेतले ते ‘सांस्कृतिक भूदृश्य’ म्हणून. निव्वळ निसर्गसौंदर्यासाठी नव्हे, तर माणसाने घडवलेल्या डोंगरासाठी. हा भेद चालणाऱ्याने मनात ठेवला तर त्याची सहल निराळीच होते.

कोरडा दगड : मुख्य लांब पल्ल्याच्या वाटेचा क्रमांक जीआर २२१. तिचे स्थानिक नाव ‘रुता दे पेद्रा एन सेक’, म्हणजे कोरड्या दगडाची वाट. कोरडा म्हणजे चुना, माती, सिमेंट यांपैकी काहीही न घालता रचलेला. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. आंब्या-काजूच्या बागेभोवती जो गडगा असतो तो याच जातीचा. फरक इतकाच की कोकणात बहुधा जांभा वापरतात आणि गडगा हद्द राखतो, तर मायोर्कात दगड चुनखडीचा आणि त्याचे मुख्य काम उतारावरची माती धरून ठेवण्याचे.

हे बांधणाऱ्याला ‘मार्जेर’ म्हणतात. तो आधी माती खणून घट्ट तळ गाठतो आणि सर्वांत मोठे दगड तेथे बसवतो. मग दर्शनी बाजूचे दगड एकेक उचलून, फिरवून, हातोड्याने कोपरा उडवून असे बसवतो की शेजारच्या दगडाशी त्याची कड भिडावी. मोठ्या दगडांची लांबट बाजू भिंतीच्या पोटात जाते. मागची पोकळी लहान दगडांच्या भरावाने भरली जाते. हा भराव नुसता ओतायचा नसतो, तोही हाताने रचायचा असतो, कारण मुरलेले पाणी त्यातूनच झिरपून बाहेर पडते. भिंत सरळ ओळंब्यात नसते. ती किंचित मागे, डोंगराकडे कललेली असते आणि मागच्या मातीचा रेटा अंगावर घेते. सिमेंटची भिंत पाणी अडवते आणि एखाद्या मोठ्या पावसात फुगून फुटते. ही भिंत पाण्याला वाट देते म्हणून टिकते. आणि पडलीच, तर तिचाच दगड पुन्हा तिच्याच जागी लागतो.

वाटेची फरसबंदीही याच हातांची. दगड उभे, कडेवर रोवलेले असतात आणि मधूनमधून वाटेला तिरकी छेदणारी उंच दगडांची ओळ येते. ती पाणी वाटेबाहेर काढते. पायऱ्या उथळ आणि रुंद आहेत, कारण त्या माणसासाठी नव्हे तर ओझे लादलेल्या खेचरासाठी बांधल्या होत्या. सोल्येर या गावाजवळच्या बिनियाराशच्या घळीत अशा सुमारे २,००० पायऱ्या वळणे घेत वर जातात. उतरताना गुडघ्यांची परीक्षा होते. म्हणून ही घळ चढण्यासाठी राखावी, उतरण्यासाठी नव्हे, असे माझे मत आहे.

कोरड्या दगडाच्या बांधकामाची कला युनेस्कोने २०१८ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली. तेव्हा ती नोंद स्पेनसह आठ युरोपीय देशांच्या नावावर झाली.

वाटा कोणी पाडल्या : प्रत्येक वाटेला काम होते. सदाहरित ओकच्या जंगलात चालताना मध्येच एक गोल, सपाट, कडेने दगड लावलेला ओटा लागतो आणि त्यावर बहुधा शेवाळ चढलेले असते. ही कोळशाच्या भट्टीची जागा, ‘सिट्जा’. कोळसा पाडणारी कुटुंबे वसंतात जंगलात येत आणि थंडी पडेपर्यंत तेथेच राहत. ओकची लाकडे रचून, पाला आणि माती थापून ढीग झाकायचा, मग तो कित्येक दिवस आतल्या आत धुमसत ठेवायचा. रात्री उठूनही पाहायचे, कारण एखादे भोक पडले आणि हवा आत गेली की सगळ्याची राख. रायगड जिल्ह्यातली कातकरी कुटुंबे हंगामात घरदार सोडून भट्टीवर जातात, तेच हे जिणे. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर घरोघरी गॅसच्या टाक्या आल्या आणि सिट्जा थंडावल्या. शेजारीच बऱ्याचदा चुन्याची भट्टी दिसते, विहिरीसारखी खोल आणि गोल.

उंचावर, विशेषतः मासानेल्याच्या परिसरात, बर्फाची घरे आहेत. ही सर्वांत विलक्षण. भूमध्य समुद्रातल्या बेटावर बर्फ साठवत असत! हिवाळ्यात बर्फ पडला की माणसे वर जात, तो टोपल्यांतून आणून दगडी खड्ड्यात ओतत आणि पायांनी तुडवून घट्ट करत. थराथरांत ‘कार्रित्श’ नावाचे उंच, राठ गवत अंथरत. खड्डा भरला की वरून जाड झाकण. उन्हाळ्यात त्याच्या लाद्या कापून रात्रीच्या गारव्यात खेचरांवरून पाल्मा शहरात पोहोचवत. ताप आणि सूज यांवर तो बर्फ वापरत, पुढे थंड पेये आणि आइस्क्रीमसाठीही. कारखान्यात बर्फ बनू लागल्यावर हा धंदा संपला. छप्पर कोसळलेल्या त्या खड्ड्यांच्या काठाशी उभे राहिले की खालपर्यंतची नागमोडी वाट दिसते, आणि ती तेथे का आहे हे मग कोणाला विचारावे लागत नाही.

तिसरी वाट भक्तांची. रांगेच्या मध्यावरचा ल्युकचा मठ हे बेटाचे मुख्य तीर्थक्षेत्र. तेथे काळसर वर्णाच्या मेरीमातेची मूर्ती आहे आणि निळ्या झग्यांतली मुले भजने गातात. त्या मुलांच्या गायनवृंदाची परंपरा १५३१ पर्यंत मागे जाते. पाल्माहून रात्रभर चालत ल्युकला पोहोचण्याची सामूहिक पदयात्रा १९७४ मध्ये सुरू झाली. अंतर ४५ किलोमीटरहून अधिक. त्यात सगळेच धार्मिक भावनेने चालतात असे नाही, पण उन्हाळ्याच्या रात्री एकमेकांच्या सोबतीने चालण्याची ओढ वारीच्या देशातल्या माणसाला लगेच ओळखता येते.

हौसेने चालण्यासाठी वाट बांधणारा पहिला मोठा माणूस मात्र परका होता. ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातला आर्चड्यूक लुडविग साल्व्हातोर (१८४७–१९१५) १८६७ मध्ये प्रथम बेटावर आला आणि १८७२ मध्ये त्याने मिरामार ही जमीन घेतली. रामोन ल्युल या मायोर्कन तत्त्वज्ञाने १२७६ मध्ये अरबी शिकवण्यासाठी जेथे मठशाळा काढली, तीच ही जागा. आर्चड्यूकने आसपासच्या वाड्याही विकत घेतल्या, झाडे तोडण्यास बंदी घातली, कड्यांवर समुद्र न्याहाळण्यासाठी सज्जे बांधले आणि वाल्देमोसा गावाच्या वर कड्याच्या माथ्यावरून जाणारी वाट आखली. प्रवाशांना तीन रात्री विनामूल्य उतरता येईल असे घरही त्याने चालवले. तो आयुष्यभर बेटाची माहिती टिपत राहिला. मायोर्कात आज पदभ्रमणाची जी रीत आहे, तिचे मूळ हॉटेलवाल्यांपेक्षा या माणसात शोधावे.

आजची वाट : जीआर २२१ पश्चिमेकडच्या आंद्राच परिसरातून निघून एस्तेल्येंक्स, बान्यालबुफार, एस्पोर्लेस, वाल्देमोसा, देया, सोल्येर आणि ल्युक असे टप्पे घेत पोल्येन्साला पोहोचते. पूर्ण वाटेला आठवडाभर किंवा थोडे अधिक लागते. बहुतेक जण त्यातले चार-पाच टप्पेच निवडतात. वेळ थोडा असेल तर देया ते सोल्येर, आणि सोल्येरहून घळ चढून कुबेर जलाशयामार्गे तोसाल्स व्हेर्दसच्या निवाऱ्यापर्यंत, एवढे तरी चालावे. समुद्र, बागा आणि उघडा खडक तिन्ही त्यात येतात.

सोल्येरचे खोरे स्वतंत्रपणे पाहावे असे. डोंगराने बाकी बेटापासून तोडल्यामुळे तेथल्या लोकांचा व्यवहार फ्रान्सशी होता. बंदरातून संत्री जात आणि तरुण पोटापाण्यासाठी त्याच वाटेने जात. १९१२ मध्ये पाल्माहून २७ किलोमीटरचा लोहमार्ग आला, तोही डोंगरातून जवळजवळ तीन किलोमीटरचा बोगदा खोदून. ती लाकडी डब्यांची गाडी आजही धावते.

निवारे मायोर्काच्या बेट-परिषदेचे आहेत. सामाईक खोलीत एकावर एक पलंग, सर्वांचे एकत्र जेवण. जागा आधी राखून ठेवावी लागते. वाटेवरचे जेवण म्हणजे ‘पा आम्ब ओली’ : जाड कापलेला, मीठ न घातलेला पाव, त्यावर अर्धा टोमॅटो चोळून लावायचा, मग ऑलिव्हचे तेल आणि वरून मीठ. हे टोमॅटो खास टिकाऊ जातीचे असतात. दोऱ्यात ओवून त्यांच्या माळा घराघरांत टांगतात आणि हिवाळाभर वापरतात. शाकाहारी माणसाची अडचण होत नाही. बटाटा, वांगे आणि ढोबळी मिरचीचे तळलेले थर टोमॅटोच्या रसात घालून केलेला ‘तुम्बेत’ सोबतीला मिळतो.

काळ मार्च ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हाचा ताप आणि वणव्याचा धोका दोन्ही असतात. जुलै २०१३ मध्ये आंद्राच भागातल्या वणव्यात सुमारे २,३०० हेक्टर रान जळाले. हिवाळ्यात शिखरांवर धुके झपाट्याने उतरते. खांब आणि पाट्या बऱ्याच ठिकाणी आहेत, पण उघड्या खडकावर दगडांच्या लगोऱ्याच वाट दाखवतात, आणि त्या धुक्यात दिसत नाहीत. नकाशा वाचता येत नसेल तर अशा दिवशी खालच्या वाटेवर राहावे. झरे उन्हाळ्यात आटतात, म्हणून पाणी बरोबर हवेच.

चालताना आकाशाकडे लक्ष असू द्यावे. काळ्या गिधाडांची संख्या १९८० च्या दशकाच्या आरंभी विसाच्या आसपास उरली होती. विषप्रयोग थांबवून आणि संवर्धनातून ती पुन्हा वाढली. घळींच्या तळाशी ‘फेर्रेरेत’ नावाचा छोटा बेडूक राहतो. त्याची जात आधी जीवाश्मांवरून माहीत झाली (१९७७) आणि नंतर काही वर्षांतच तो जिवंत सापडला. अंडी नराच्या मागच्या पायांना गुंडाळलेली असतात. त्याच्या डबक्यांत पाय घालू नये, पोहू तर मुळीच नये. माणसाच्या अंगावरून आलेला रोग त्याला संपवू शकतो.

वाद आणि डागडुजी : डोंगरातली बहुतेक जमीन खाजगी मालकीची, ‘पोसेसियो’ नावाच्या मोठ्या वाड्यांची आहे. वाट सार्वजनिक की मालकाची, यावरून काही ठिकाणी वर्षानुवर्षे खटले चालले आहेत आणि त्यामुळे जीआर २२१ चे काही तुकडे अजूनही जोडले गेलेले नाहीत. चालणाऱ्याचा जुन्या वहिवाटीवर हक्क आहे, असे मला ठामपणे वाटते. पण फाटक उघडे टाकून जाणारा, मेंढ्यांच्या मागे कुत्रा सोडणारा पाहुणाच तो हक्क कमकुवत करतो. फाटक जसे सापडले तसेच ठेवावे.

याहून मोठी चिंता भिंतींची आहे. ऑलिव्ह वेचणारे हात कमी झाले, तशा वरच्या ताली ओस पडल्या. एक दगड निखळला की पावसात त्याच्याभोवतीचे चार सुटतात आणि दोन-तीन हिवाळ्यांत भिंतीला खिंडार पडते. माती वाहून जाते आणि तालीवरचे झाड मुळांवर उघडे पडते. १९८० च्या दशकात मार्जेर जवळजवळ उरले नव्हते. तेव्हा म्हाताऱ्या कारागिरांना हाताशी धरून तरुणांना हे काम शिकवायला सुरुवात झाली. बेट-परिषदेची पथके आता वाटा आणि भिंती दुरुस्त करतात. त्यांचे काम चालू असलेल्या जागी वाट पन्नास पावले वळसा घेते. तेथे थोडे थांबावे. दगड उचलला जातो, फिरवला जातो, नाकारून बाजूला ठेवला जातो, दुसरा उचलला जातो. आणि बसला की हातोड्याचा एक बोथट आवाज येतो.