माउंट व्हर्नन जॉर्जच्या आधीचं: मेजर लॉरेन्स वॉशिंग्टन आणि त्याचं घराणं

जॉर्ज वॉशिंग्टनबद्दल सगळ्यांना माहिती असते पण त्याच्या थोरल्या सावत्र भावाबद्दल, लॉरेन्सबद्दल, फारसं कोणी बोलत नाही, आणि मला वाटतं जॉर्ज कसा घडला हे समजायचं तर आधी लॉरेन्स आणि त्याच्या मागच्या पिढ्या बघायला हव्यात. लॉरेन्स व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीतला जमीनदार होता, तिथल्या मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या फौजेत, मेजर होता, आणि ३४ व्या वर्षी क्षयाने गेला. त्याच्याकडची जमीन आणि हुद्दा, दोन्हीची मुळं पार पणजोबांपर्यंत जातात.

घराणं मूळचं इंग्लंडचं. नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये सल्ग्रेव्ह म्हणून गाव आहे, तिथली जहागीर १५३९ साली एका लॉरेन्स वॉशिंग्टनने विकत घेतली (हे नाव या घरात पिढ्यानपिढ्या येत राहतं, त्यामुळे वाचताना गोंधळ होतो). तो लोकरीच्या व्यापारातला माणूस, नॉर्थॅम्प्टनचा मेयर झालेला. आठव्या हेन्रीने मठ मोडीत काढले तेव्हा मठांच्या जमिनी बाजारात आल्या, त्यातलीच ही एक. पुढे शंभरेक वर्षांत घराण्याची घडी विस्कटली. वंशातला अजून एक लॉरेन्स ऑक्सफर्डमध्ये शिकवायचा, मग एसेक्समध्ये पर्ली गावचा पाद्री झाला, आणि १६४३ मध्ये यादवी युद्ध चालू असताना प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, लोकांनी त्याला काढून टाकलं, आरोप असा की हा कायम दारूच्या गुत्त्यात असतो. आरोपात तथ्य किती ते सोडा, तो राजाच्या बाजूचा होता हे कारण पुरेसं होतं. घर रस्त्यावर आलं म्हणा. त्याचा मुलगा जॉन, हाच आपल्या लॉरेन्सचा आणि जॉर्जचा पणजोबा.

जॉन १६५७ च्या सुमारास तंबाखूच्या व्यापारातल्या 'सी हॉर्स' नावाच्या छोट्या जहाजावरून व्हर्जिनियाला आला आणि परतताना जहाज पोटोमॅक नदीत रुतलं. जहाज निघेपर्यंत तो तिथल्या लोकांत मिसळला, नथानिएल पोप नावाच्या श्रीमंत जमीनदाराच्या मुलीशी, ॲनशी, त्याचं लग्न झालं आणि सासऱ्याने ७०० एकर जमीन दिली. बस, इथून सगळं सुरू होतं. जॉनबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते: तो ज्या जहाजवाल्याबरोबर आला होता त्या प्रेस्कॉटच्या दुसऱ्या एका जहाजावर एलिझाबेथ रिचर्डसन नावाच्या बाईला चेटकीण ठरवून फाशी दिली गेली होती, जॉनने याबद्दल मेरीलँडच्या गव्हर्नरकडे तक्रार केली, पण खटल्याची तारीख नेमकी मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आली, शेजाऱ्यांना आमंत्रणं गेलेली, मग त्याने येता येत नाही असं पत्र पाठवलं आणि पुरावा द्यायला कोणी नाही म्हणून प्रेस्कॉट सुटला. तक्रार करण्याइतकी चाड होती हे मात्र खरं.

आता जमीन कशी वाढली. व्हर्जिनियात नियम होता की जो कोणी इंग्लंडहून एक माणूस आणायचा खर्च करेल त्याला त्या माणसामागे ५० एकर. म्हणजे गरीब नोकर करारावर आणायचे, त्यांच्याकडून तंबाखूच्या शेतात राबवून घ्यायचं, आणि वर त्यांच्याच डोक्यामागे जमीनही मिळवायची. ज्याच्याकडे पैसा त्याला जमीन, ज्याच्याकडे जमीन त्याच्याकडे अजून माणसं. १६७४ मध्ये जॉनने निकोलस स्पेन्सरबरोबर भागीदारीत लिटल हंटिंग क्रीकजवळ ५,००० एकर मिळवले, त्यातला अर्धा हिस्सा म्हणजे पुढचं माउंट व्हर्नन, जॉर्जचं घर आणि शेतजमीन. ती जमीन रिकामी नव्हती, डोग या मूळ रहिवासी लोकांचा तो मुलूख होता आणि माउंट व्हर्ननच्या एका शेताला पुढे डोग रन असंच नाव राहिलं.

मिलिशिया म्हणजे काय तेही सांगतो कारण नाहीतर मेजर-कर्नल ऐकून आपल्याला पगारी फौज वाटते. वसाहतीत कायमची फौज नव्हती, काउंटीतल्या गोऱ्या स्वतंत्र पुरुषांनी कवायतीला हजर व्हायचं आणि गरज पडली की लढायला जायचं, आणि त्यांचे अधिकारी गव्हर्नर नेमायचा, ते बहुतेक मोठ्या जमीनदारांतलेच. न्यायाधीश, चर्चचे विश्वस्त, विधानसभेतले सदस्य, मिलिशियाचे कर्नल, सगळीकडे तीच चार घराणी. जॉन वॉशिंग्टन असाच कर्नल झाला.

आणि त्याच्या कर्नलपदाच्या काळात जे झालं ते विसरण्यासारखं नाही. १६७५ मध्ये सीमेवर खुनाखुनी चालू होती, व्हर्जिनिया आणि मेरीलँडच्या मिलिशियांनी मिळून सस्क्वेहॅनॉक या मूळ रहिवासी लोकांच्या किल्ल्याला वेढा घातला, व्हर्जिनियाकडून जॉन आणि आयझॅक ॲलर्टन, मेरीलँडकडून मेजर टॉमस ट्रूमन. बोलणी करायला पाच प्रमुख बाहेर आले आणि त्या पाचही जणांना ठार मारण्यात आलं. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवलं, मेरीलँडच्या विधानसभेने ट्रूमनवर खटला चालवला, आणि व्हर्जिनियाचा गव्हर्नर बर्कली तर भडकलाच, शांततेसाठी आलेल्यांना सुखरूप परत जाऊ द्यायला हवं होतं असं त्याचं म्हणणं. जॉनला शिक्षा झाली नाही. पण वेढ्यातून निसटलेल्या सस्क्वेहॅनॉकांनी बदला घेतला आणि त्या भडक्यातून १६७६ चं बेकनचं बंड, म्हणजे वसाहतीतल्या लोकांनी गव्हर्नरविरुद्ध केलेलं बंड, उभं राहिलं. जॉनला तिथल्या लोकांनी कोनोटोकॅरियस म्हणजे गावं उद्ध्वस्त करणारा असं नाव दिलं होतं आणि १७५३ मध्ये ओहायोच्या वाटेवर टॅनॅकॅरिसन या प्रमुखाने हेच नाव जॉर्जला दिलं. पणजोबांच्या करणीची आठवण जवळपास ८० वर्षं टिकली.

जॉन १६७७ मध्ये गेला तेव्हा आठ हजार एकरांच्या वर जमीन होती. त्याचा मुलगा लॉरेन्स, बाप्तिस्मावाला, १६९८ मध्ये चाळिशीच्या आत वारला. विधवा मिल्ड्रेड वॉर्नरने इंग्लंडच्या जॉर्ज गेलशी लग्न केलं, मुलांना घेऊन व्हाइटहेवनला गेली आणि १७०१ मध्ये तीही गेली. मुलं ॲपल्बीच्या शाळेत, सावत्र बापाच्या ताब्यात. शेवटी व्हर्जिनियातल्या एका चुलत नातेवाइकाने कोर्टात जाऊन त्यांना परत आणलं. तो खटला हरला असता तर ऑगस्टीन, म्हणजे जॉर्जचे वडील, इंग्लंडमध्येच मोठे झाले असते!

ऑगस्टीनने दोन लग्नं केली, पहिल्या बायकोचे लॉरेन्स (जन्म १७१८) आणि ऑस्टिन, तर दुसरीचा, मेरी बॉलचा, थोरला मुलगा जॉर्ज, लॉरेन्सहून १४ वर्षांनी लहान. तंबाखूच्या जोडीला ऑगस्टीनने लोखंडाच्या भट्टीतही पैसे घातले होते. लॉरेन्सला बापासारखंच ॲपल्बीला शिकायला पाठवलं. परत आल्यावर स्पेनशी युद्ध लागलं, व्हर्जिनियाने ४०० जण द्यायचे ठरले, लॉरेन्सला कॅप्टनची सनद मिळाली आणि १७४१ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतल्या कार्टाहेना या स्पॅनिश बंदरावरच्या मोहिमेवर गेला. मोहीम पूर्ण फसली, गोळ्यांपेक्षा पिवळ्या तापाने माणसं गेली. लॉरेन्स वाचला, मोहिमेतल्या आरमाराचा प्रमुख ॲडमिरल व्हर्नन याच्यावर त्याची इतकी श्रद्धा बसली की घरी आल्यावर जागेचं नावच माउंट व्हर्नन ठेवलं.

१७४३ हे एक वर्ष नीट बघा. एप्रिलमध्ये वडील वारले, लिटल हंटिंग क्रीकची जमीन लॉरेन्सकडे आली. जुलैमध्ये शेजारच्या बेल्व्हॉयरच्या विल्यम फेअरफॅक्सच्या मुलीशी लग्न, जो आपल्या चुलतभावाची, लॉर्ड फेअरफॅक्सची, ५० लाख एकरांहून मोठी मालमत्ता सांभाळायचा. आणि त्याच वर्षी वसाहतीच्या मिलिशियाचा ॲडजुटंट, मेजरचा हुद्दा, काउंटी-काउंटीत जाऊन कवायत बघायचं काम. पुढच्या वर्षी विधानसभेत. याच वारशात ११ वर्षांच्या जॉर्जच्या वाट्याला १० गुलाम माणसं आली होती, ऑगस्टीनच्या मालकीची अशी बरीच माणसं होती, आणि त्यांच्या श्रमावरच हे सगळं चाललं होतं.

मग ओहायो कंपनी, जमिनी मिळवून तिथे वस्ती करवणारी. डोंगरापलीकडची दोन लाख एकर जमीन, अट अशी की १०० कुटुंबं वसवायची आणि किल्ला बांधायचा. लॉरेन्स तिचा प्रमुख झाला पण तोवर खोकला सुरू झालेला. १७५१ मध्ये हवाबदलासाठी जॉर्जला घेऊन बार्बाडोसला गेला, तिथे जॉर्जला देवी आल्या आणि तो बरा झाला, लॉरेन्सला मात्र उतार पडला नाही. जुलै १७५२ मध्ये तो घरी येऊन वारला.

त्याच्यानंतर ॲडजुटंटचं पद चार भागांत वाटलं गेलं आणि त्यातलं एक, मेजरच्या हुद्द्यासकट, जॉर्जने मिळवलं, वय २० आणि लढाईचा अनुभव शून्य. पुढच्याच वर्षी गव्हर्नर डिनविडीने त्याला फ्रेंचांना हटकायला ओहायोकडे पाठवलं, आणि डिनविडी स्वतः ओहायो कंपनीत भागीदार होता. घराचं म्हणाल तर लॉरेन्सची लहान मुलगी १७५४ मध्ये गेली, त्याच्या विधवेने दुसरं लग्न केलं होतं म्हणून जॉर्जने आधी तिच्याकडून माउंट व्हर्नन भाड्याने घेतलं, आणि १७६१ मध्ये ती वारल्यावर ते त्याच्या नावावर झालं.