यादीतलं एक तरी खरं आहे का? लिस्पमधल्या ‘ऑर’ आणि ‘सम’ची गल्लत

पावसाळा लागला की पुण्यात क्युसेकची भाषा चहाच्या टपरीवरही चालते. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांतून किती विसर्ग सुरू आहे, ते आकडे एका यादीत आले आहेत असं धरू. मुठेवरचा भिडे पूल बुडणार की नाही हे खडकवासल्यावर ठरतं, वरच्या तिन्ही धरणांचं पाणी तिथेच येतं, हे कुणी पुणेकर सुनावायच्या आत मान्य करून टाकतो. आपला प्रश्न साधा आहे: चारपैकी एका तरी धरणातून पाणी सुटलंय का?

कॉमन लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा नव्याने शिकणारा इथे हमखास हे लिहितो (कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिलाय, टाइप करताना रोमनच):

(अप्लाय #'ऑर यादी)

‘ऑर’ म्हणजे ‘किंवा’, #' म्हणजे ‘या नावाचं फंक्शन’, आणि ‘अप्लाय’ यादीतले सगळे घटक त्या फंक्शनच्या हाती देतं. पण एरर येते. विचार तसा गैर नाही. बेरजेसाठी (अप्लाय #'+ यादी) बिनतक्रार चालतं, मग ‘ऑर’नेच काय घोडं मारलंय?

गोम अशी की ‘+’ हे फंक्शन आहे आणि ‘ऑर’ हा मॅक्रो, म्हणजे स्वतःच्या जागी दुसरा कोड लिहून देणारा साचा. फंक्शनकडे काम जाण्याआधी त्याच्या सगळ्या आर्ग्युमेंटच्या (त्याला दिलेल्या गोष्टींच्या) किमती काढून झालेल्या असतात. ‘ऑर’ला हे परवडणारच नाही. (ऑर (वहीत-बघ) (सर्व्हरला-विचार)) असं लिहिलं, तर वहीत उत्तर मिळाल्यावर सर्व्हरला फोन जाता कामा नये. म्हणून कोड चालण्याआधीच ‘ऑर’चा विस्तार होऊन त्याची ‘इफ’सारखी अटींची साखळी बनते. ‘अप्लाय’ला हातात धरता येईल असं ‘ऑर’ नावाचं फंक्शन कुठे नसतंच.

ही रीत लिस्पच्या जन्मापासूनची. जॉन मॅकार्थी यांच्या १९६० च्या शोधनिबंधात ‘प किंवा क’ची व्याख्याच अट घालून केली आहे: प खरं तर उत्तर खरं, नाहीतर क जे म्हणेल ते. गणितात ‘प किंवा क’ आणि ‘क किंवा प’ एकच. इथे मात्र क्रमाला किंमत आहे, कारण प खरं निघालं की क कडे ढुंकूनही बघितलं जात नाही.

यादीसाठी आहे ‘सम’, आणि ते साधं सरळ फंक्शन आहे. त्याला एक तपासणी द्यायची आणि एक यादी (व्हेक्टरही चालतो):

(सम #'आयडेंटिटी यादी)

‘आयडेंटिटी’ जे मिळेल ते तसंच परत देते, त्यामुळे वरच्या ओळीचा अर्थ ‘निल नसलेलं काही आहे का’ एवढाच (निल म्हणजे लिस्पमधलं ‘खोटं’). पहिलं खरं उत्तर मिळालं की ‘सम’सुद्धा थांबतं, आणि दोघांची गल्लत होते ती इथेच. पण ‘ऑर’ थांबतं तेव्हा पुढचा कोड चालायचा वाचतो. ‘सम’ थांबतं तेव्हा यादीतले घटक केव्हाच तयार झालेले असतात, वाचते ती फक्त पुढच्या घटकांची तपासणी. थोडक्यात, पर्याय तुम्ही स्वतः कोडमध्ये लिहिलेत तर ‘ऑर’, आणि प्रोग्राम चालू असताना कुठून तरी यादी हाती आली तर ‘सम’.

एररवर पळवाटा सुचतात. (इव्हॅल (कन्स 'ऑर यादी)), म्हणजे यादीच्या पुढे ‘ऑर’ जोडून तिलाच कोड म्हणून चालवणं, आकड्यांवर चालूनही जातं. मात्र यादीच्या सुरुवातीला आकड्याऐवजी ‘पानशेत’ हे चिन्ह आलं, की लिस्प त्या नावाचं व्हेरिएबल शोधत बसतं. डेटाला कोड समजून चालवायची सवय लावून घेऊच नये. ‘रिड्यूस’ दोन-दोन घटकांचं एक करत यादी संपवतं; त्यात (लॅम्डा (अ ब) (ऑर अ ब)) हे बिननावाचं फंक्शन घालणं त्यापेक्षा बरं, पण ते मध्येच थांबत नाही, आणि सुरुवातीची किंमत दिली नसेल तर रिकाम्या यादीवर कोसळतं.

आता धरणांकडे. चारही दरवाजे बंद आहेत, यादी आहे (० ० ० ०). वरची ‘आयडेंटिटी’वाली ओळ चालवा: उत्तर येतं ०. आणि लिस्पमध्ये शून्य खरं असतं! खोटं फक्त निल, म्हणजेच रिकामी यादी. सी किंवा पायथनची सवय असलेला माणूस इथे कोरड्या नदीवर भोंगा वाजवून बसतो. आकडा शून्याहून मोठा आहे का हे ‘प्लसपी’ तपासतं, म्हणून हवं ते असं:

(सम #'प्लसपी यादी)

यालाही एक खाच आहे. एखाद्या धरणाचा आकडा अजून आलेला नाही म्हणून तिथे निल आहे असं समजा. (० निल १७०० ०) वर ‘प्लसपी’ निलला अडखळून एरर देतं. (० १७०० निल ०) वर मात्र दुसऱ्याच घटकावर काम संपतं आणि निल कुणाच्या नजरेलाही पडत नाही. तोच बिघाड, पण जागा बदलली की झाकला जातो. असा दोष चाचणीत सुटतो आणि नेमका भर पावसात उगवतो. निलची तपासणी लॅम्डामध्येच करावी: (लॅम्डा (क) (अँड क (प्लसपी क))).

‘सम’ तपासणीचं उत्तर परत देतं, घटक नव्हे. त्यामुळे वर हाती येतो ‘टी’ (म्हणजे ‘खरं’), १७०० नाही. आकडाच हवा तर (फाइंड-इफ #'प्लसपी यादी). पण ‘आकडा न आलेलं धरण आहे का’ हे ‘फाइंड-इफ’ला कधीच विचारू नका: (फाइंड-इफ #'नल यादी) ला (‘नल’ म्हणजे ‘निल आहे का’ ही तपासणी) निल सापडलं तर ते निलच परत देणार, आणि सापडलं नाही तरी निलच. तिथे ‘सम’च वापरा.

मला ‘सम’ सगळ्यात जास्त आवडतं ते दोन याद्यांवर. (सम #'> विसर्ग मर्यादा) म्हणजे कुठल्याही धरणाने आपापली मर्यादा ओलांडली का. एक यादी आखूड असेल तर तिथेच गपचूप थांबतं, म्हणून लांब्या आधी ताडून घ्या.

लिस्पची बोली बदलली की नावं बदलतात. रॅकेटमध्ये ‘ऑरमॅप’, ईमॅक्स लिस्पमध्ये ‘सेक-सम’, क्लोजरमध्ये ‘सम’च. स्कीम आणि क्लोजरमध्ये रिकामी यादीसुद्धा खरी धरली जाते, तेव्हा कॉमन लिस्पमधला कोड तिकडे जसाच्या तसा उचलू नये.

राहता राहिली रिकामी यादी. तिच्यावर ‘सम’ निल देतं, म्हणजे विसर्ग नाही. ‘एकही नाही ना?’ या उलट प्रश्नासाठी असलेलं ‘नॉटएनी’ त्याच यादीवर ‘टी’ देतं. दोन्ही उत्तरं नियमाला धरून आहेत, पण एकाही धरणाचा आकडा आलेला नसताना ‘कुठूनही विसर्ग नाही’ असा संदेश नदीकाठच्या सोसायट्यांना पाठवायचा नसेल, तर यादी रिकामी आहे का हे आधी वेगळं तपासावं लागतं.