गाठ दाबली की खोकला का येतो?

तासगावच्या मामांच्या मानेत डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती. घरात हळदीचा लेप सुरू झाला, सांगलीत हळदीला काय तोटा! शेजाऱ्यांनी ‘गंडमाळ’ ठरवून टाकली. ही शंका अगदीच वावगी नव्हती, कारण मानेतल्या गाठीमागे आपल्याकडे बऱ्याचदा क्षयच असतो. पण एकाने बिब्ब्याचा डाग द्यायला सांगितलं तेव्हा मी त्यांना मिरजेला घेऊन गेलो. तिथे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी गाठ हलकेच दाबली आणि मामांना ढास लागली. पुन्हा दाबली, पुन्हा ढास. गाठ आडवी सरकत होती, वर-खाली मात्र नाही.

मेंदूतून निघून मानेतून थेट पोटापर्यंत उतरणारी दहावी चेता (नर्व्ह) म्हणजे व्हेगस. घशातली खवखव मेंदूला कळवते तीच, म्हणून तिला डिवचलं की खोकला. आणि ती मानेत उभी ताणलेली असल्याने तिच्यावरची गाठ उभी हलत नाही.

चेतेतल्या प्रत्येक जाड तंतूवर श्वान पेशींचं वेष्टन असतं. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने १८३९ च्या ग्रंथात त्यांचं वर्णन केलं. ही पेशी तंतूभोवती सुरळीच्या वडीसारखे वेढे घेते. एका पेशीच्या वाट्याला जेमतेम मिलिमीटरभर तंतू. मग बारीक फट, मग पुढची पेशी. संदेश फटीफटींतून उड्या मारत जातो, सेकंदाला १०० मीटरपर्यंत. वेष्टन नसलेल्या तंतूत तोच सेकंदाला मीटरभर रांगतो.

यातली एखादी श्वान पेशी बेसुमार वाढू लागली की होणारी गाठ म्हणजे श्वानोमा. मामांची तीच, व्हेगसवरची. तंतू त्या गाठीचा भागच नसतात. गाठ स्वतःच्या आवरणात एका अंगाला फुगते आणि तंतू बाजूला सारले जाऊन त्या आवरणावर पसरतात. म्हणून सर्जन तंतू नसलेली जागा शोधून आवरणाला उभी चीर देतात आणि द्राक्षाची साल ठेवून गर काढावा तशी गाठ काढतात. न्यूरोफायब्रोमा या चेतेच्या दुसऱ्या प्रकारच्या गाठीत हे जमत नाही. तिथे तंतू रायवळ आंब्याच्या रेषांसारखे गरातूनच गेलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली श्वानोमात पेशींच्या दाट रांगा दिसतात, तो अँटोनी ए भाग. विरळ, पाणचट तो बी. एस-१०० या प्रथिनाचं रंजन दोन्हीकडे उमटतं.

सुईने काढलेल्या नमुन्यातून बऱ्याचदा काहीच ठरत नाही. खरी मदार एमआरआयवर. डोक्याकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी आणि गळ्याची मोठी शीर यांच्यात फट पडलेली दिसली तर गाठ बहुधा व्हेगसची. दोन्ही एकत्रच पुढे ढकलल्या गेल्या असतील तर मागच्या सिंपथेटिक चेतांच्या साखळीची. आणि धमनीच्या दुभाजनातच पाचर बसली असेल तर ती तिथल्याच कॅरोटिड बॉडी या इवल्या पेशीपुंजक्याची गाठ, रक्ताने भरलेली. म्हणून चित्र न पाहता तुकडा काढायला घाई करू नये. ‘बिनटाक्याची, एका तासात’ अशा जाहिराती देणाऱ्यांना या तीन शक्यता विचारून पाहा.

श्वानोमा क्वचितच कर्करोगी होतो. मामांची गाठ आवरणातून सुटली, पण हाताळलेल्या तंतूंमुळे दोन महिने आवाज बसलेलाच होता. तेवढे दिवस बेदाण्याच्या सौद्यात मामींनी बोली लावली.